चारशे एमएल

केझाया गेली त्या दिवशी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी वायरलेसवर एक आकडा सांगितला. तो चुकला होता. पुढचं सगळं त्या आकड्यामागून घडलं, म्हणून त्याच्या जरा आधीपासून सांगते.

मी लोइस, वेदाबु बेटावरच्या आरोग्य ठाण्याची नर्स. औषधं देणारी, लस टोचणारी, टाकीतलं पाणी संपलं की ओढ्यावरून बादल्या वाहणारीही मीच. अकरा वर्षांत दोनशेच्या वर बाळंतपणं केली. त्यात दोन बायका गेल्या, पण दोघींना माझ्याकडे आणलं तेव्हाच त्या अर्ध्या गेलेल्या होत्या. त्यांच्यासाठी मी रडले, मात्र रात्री झोपू शकले.

केझाया सव्वीस वर्षांची, चौथ्या खेपेची. सहाव्या महिन्यात मलेरियाने आडवी झाली होती, तेव्हापासून तिच्या अंगात रक्त कमी होतं. मी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या तर आठवड्याने परत आली.

"सिस्टर, या खाल्ल्या की माझं सगळं काळं होतं."

"होणारच. बघू नकोस."

"मी नाही बघत. डुकरं बघतात. माझ्याकडे बघून तोंड फिरवून गेलं काल एक."

रांगेतल्या बायका हसून वाकल्या. ती स्वतः हसली नाही. तिची तऱ्हाच तशी होती, दुसऱ्याला हसवायचं आणि आपण तोंड कोरडं ठेवायचं. गोळ्या तिने पुढे घेतल्या की नाही, मला माहीत नाही.

तिचं घर ठाण्यापासून दोनशे पावलांवर, समुद्राच्या अंगाला. आमच्याकडची घरं असतात तसंच, खांबांवर उभं, आणि पोफळीच्या चिरफळ्या जोडून केलेली तळजमीन. ठाण्यात बाळंतखोली आहे, पण तिथे चूल नाही आणि आमच्या बायकांना बाळंत झाल्यावर पाठीला विस्तव लागतो. म्हणून बऱ्याच जणी शेवटच्या क्षणापर्यंत घरीच थांबतात आणि मग म्हणतात, सिस्टर, वेळच मिळाला नाही.

सकाळी आठला तिचा नवरा मनोआ पळत आला. "सिस्टर, डोकं दिसतंय. बुबू आहे तिच्यापाशी."

बुबू म्हणजे म्हातारी सिनेलेता. तिला सगळं गाव बुबूच म्हणे, आजी म्हणावं तसं. पन्नास वर्षांपूर्वी ती सिबोना बेटावरून इथे लग्न होऊन आली. नवरा गेला, एकुलता एक मुलगा होडीसकट बुडाला, ती मात्र राहिली. ठाणं नव्हतं तेव्हापासून गावातली पोरं तिच्या हातावर उतरली होती. त्यांतलीच एक मी.

मी पोचले तेव्हा मुलगी झाली होती आणि बुबू तिला नारळाच्या तेलाने पुसत होती. मी केझायाच्या मांडीत इंजेक्शन दिलं. वार सव्वाआठला पडली. मी ती दोन्ही हातांवर पसरून बघितली, तुकडा कुठे राहिला नव्हता. पोट चोळलं, गर्भाशय हाताला नारळासारखं कडक लागलं. सगळं पुस्तकात असतं तसं.

पहिला तासभर कापडं बुबू बदलत होती. आमच्या बायका कमरेला गुंडाळतात तीच कापडं, केझायाची जुनी, गडद तांबड्या रंगावर मोठी लाल फुलं छापलेली. भिजलं की बुबू ते ओढून टोपलीत टाके आणि दुसरं खाली सरकवे. चार कापडं झाली. मी बाळाचं वजन घेत होते, नाळ बघत होते, मनोआला पाणी तापवायला पाठवत होते. जाता येता टोपलीकडे नजर टाकली. गडद कापड, वर ओलसर चमक. नेहमी असतं तेवढंच वाटलं.

बुबू म्हणाली, "लोइस, रक्त बरंच गेलंय गं."

"दिसतंय मला, बुबू."

"कापडावर आहे तेवढंच नाही म्हणत मी."

"बुबू, पोट कडक आहे. थेंब थेंब येतंय ते येणारच. तू तिला चहा दे."

तिने चहा ओतला. मी हे आवाज चढवून म्हटलं नव्हतं. जिच्या हातात आपण जन्मलो त्या म्हातारीला आपण शिकून आल्यावर जसं सांगतो, तसं गोडच म्हटलं होतं.

नऊनंतर वायरलेसची वेळ असते. मोठ्या बेटावरच्या दवाखान्यातून डॉक्टर एकेका ठाण्याला हाक मारतात, आणि बाकीची सगळी ठाणी ऐकत असतात. आमचा वायरलेस घरघरतो, त्यामुळे आवाज मोठा ठेवावा लागतो. ठाण्याच्या ओट्यावर औषधाला आलेले लोक बसलेले असतात, तेही ऐकतात. माझा नंबर नऊ वीसला लागला.

"वेदाबु, बोला सिस्टर."

"एक बाळंतपण झालं, डॉक्टर. चौथी खेप, आधीपासून रक्त कमी. मुलगी, तीन किलो शंभर. वार पूर्ण आली. इंजेक्शन दिलं."

"रक्त किती गेलं?"

"चारशे एमएलच्या आसपास."

"नक्की ना? रक्त कमी असलेली बाई आहे म्हणून विचारतो. बोट एकच आहे. उत्तरेकडे एका गरोदर बाईला झटके येताहेत, बोट तिकडे पाठवतोय. तुम्हाला लागणार असेल तर आत्ताच सांगा."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समुद्र सपाट होता, त्या दिवशी बोट दीड तासात आली असती. टोपलीतली कापडं मी डोळ्यांसमोर आणली. चार कापडं, प्रत्येकाचे शंभर. असाच हिशेब मी अकरा वर्षं करत आले होते.

"चारशेच, डॉक्टर. बोट तिकडेच पाठवा."

"ठीक. नाडी बघत राहा."

ओट्यावर केझायाचा मामा तोबियास बसला होता, पायाच्या जखमेची पट्टी बदलायला आला होता. आमच्यात मूल आईच्या कुळाचं, आणि आईच्या कुळात शब्द चालतो तो मामाचा. त्याने विचारलं, "चारशे म्हणजे किती गं?"

मी हाताने दाखवलं. "थंड पेयाचा डबा असतो ना, तो एक आणि वर थोडं."

"मग काही नाही," तो म्हणाला आणि चुन्याची डबी काढून सुपारी चावत बसला. मी त्याची पट्टी बदलली. त्यात पंधरा मिनिटं गेली.

मी परत गेले तेव्हा केझाया विस्तवाला पाठ लावून कुशीवर पडली होती. तिने चहा पिऊन पुन्हा पाणी मागितलं होतं आणि तेही संपवलं होतं. नाडी एकशे बारा. मी मनाशी म्हटलं, रात्रभर कळा काढल्यात, पोटात अन्न नाही, वर विस्तव. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय हाताला सापडेना. लोण्यासारखं मऊ झालं होतं. चोळलं तसा गुठळ्यांचा लोट आला आणि ते पुन्हा कडक झालं. हात काढला की पुन्हा मऊ.

"सिस्टर," केझाया म्हणाली, "जांभया का येताहेत इतक्या?"

मी तिची खालची पापणी ओढून बघितली. आत कागदासारखं पांढरं होतं.

तिथून पुढे मी जे जे शिकले होते ते सगळं केलं. मनोआला ठाण्यात पळवून पेटी आणवली. दोन्ही हातांना सलाईन लावलं. जिभेखाली गोळ्या ठेवल्या. दुसरं इंजेक्शन दिलं. साडेदहाला नाडी एकशे अडतीस होती. मी बुबूला पोट धरायला सांगून वायरलेसवर धावले. डॉक्टर लगेच बोलायला आले.

"बोट उत्तरेला पोचली असेल आता," ते म्हणाले. "बाईला घेऊन परत यायची, मग तुमच्याकडे. चार तास धरा. सिस्टर, तुम्ही चारशे म्हणाला होतात."

"हो."

"बरं. मूठ आत घाला, दुसऱ्या हाताने वरून दाबा. सोडू नका. गावातल्या कुणाची मोटारबोट मिळते का तेही बघा."

आमच्या बेटावर दोन मोटारबोटी होत्या. एक मासेमारीला गेली होती, दुसरीचं इंजिन महिन्याभरापासून खोलून ठेवलेलं. मनोआ किनाऱ्यावर जाऊन उभा राहिला. एक शिडाची होडी सोडायचीही तयारी झाली, पण वारा नव्हता. सकाळी ज्या सपाट समुद्राकडे बघून मला निश्चिंत वाटलं होतं, तोच तसाच पसरला होता.

माझी एक मूठ आत, दुसरा हात पोटावर. अर्ध्या तासात माझ्या हातांतला जोर संपत आला. बुबू माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने आपले दोन्ही पंजे माझ्या वरच्या हातावर ठेवून अंगाचा भार टाकला. वजन ते किती तिचं. तरी ती तासभर हलली नाही. तिच्या हनुवटीवरून घाम केझायाच्या पोटावर पडत होता.

केझाया मधे मधे बोलत होती. मोठ्या मुलाला शेजारी पाठवलं का, कोनफळं उकडत ठेवली होती ती जळाली का. एकदा म्हणाली, "दोघी मिळून कणीक मळताय का माझी?" मग म्हणाली, थंडी वाजते. पाठीशी विस्तव होता आणि थंडी वाजते म्हणाली. मनोआने तिला आपला सदरा पांघरला.

पाऊण वाजता ती गेली. बुबूने हात काढले नाहीत. मीच म्हटलं, "बुबू, सोड." तरी सोडेना. मग मी तिची बोटं एकेक करून उचलली.

रडणं सुरू झालं. मी शिडी उतरून खाली गेले. घराखाली, खांबांच्या मधे, वाळू असते. तिथे कोंबड्या जमल्या होत्या आणि काहीतरी उकरत होत्या. मी त्यांना हाकललं आणि मग पाहिलं. केझाया जिथे निजली होती त्याच्या बरोबर खाली, दोन्ही हात पसरले तर मावेल एवढ्या जागेत, वाळू काळी पडली होती. मी बोटं खुपसली. मनगटापर्यंत ओली. चिरफळ्यांच्या फटींतून सकाळपासून खाली गळत होतं आणि मी वर बसून कापडं बघत होते. बुबूला ते ठाऊक होतं. तिने आयुष्यभर याच जमिनींवर पोरं काढली होती.

मग मी एक गोष्ट केली, ती का केली ते मला सांगता येत नाही. मी वर जाऊन सकाळच्या पहिल्या तासाची ती टोपली आणि आढ्याला टांगलेला बाळांचं वजन करायचा काटा उचलून ठाण्यात आणला. काटा टांगला आणि ती चार कापडं त्याच्या झोळीत घातली. एक किलो साडेसातशे. मग त्याच प्रकारची चार कोरडी कापडं माझ्या स्वतःच्या पेटीतून काढून तोलली. सातशे साठ. एक ग्रॅमला एक एमएल, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. नऊशे नव्वद. नुसत्या कापडांत. वाळूतलं मोजता येत नव्हतं, पण त्या पहिल्या तासातलं निदान पाचशे. म्हणजे मी नऊ वीसला वायरलेसपाशी उभी राहून समुद्राकडे बघत होते, तेव्हाच दीड लिटर गेलं होतं.

ते तोलायला मला दहा मिनिटं लागली. सकाळी ती दहा मिनिटं माझ्यापाशी होती. काटाही तिथेच, केझायाच्या घरात, बाळाला तोलून मीच आढ्याला टांगून ठेवला होता.

दवाखान्याची बोट साडेतीनला आली. झटके येणारी बाई वाचल्याचं तांडेल सांगत होता. तिला वेळेत नेलं म्हणाला. मी त्याला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी केझायाला पुरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तोबियासने तिच्या कुळातल्या लोकांना बदामाच्या झाडाखाली बोलावलं. मलाही बोलावणं आलं. बुबूला बोलावलं नव्हतं, पण ती आली आणि बायकांच्या मागे एकटी बसली. तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी होती. ती रिकामी जागा मी पाहिली आणि काय चाललंय ते मला कळलं.

तोबियास हळू बोलणारा माणूस. चर्चचा कारभारी. तो म्हणाला, "आपली पोर निरोगी होती. तीन बाळंतपणं सुखरूप झाली. या वेळी वार नीट पडली, इंजेक्शन मिळालं. सिस्टरने डॉक्टरला सांगितलं, चारशे. मी ओट्यावर होतो, मी ऐकलं. तिथे अजून पाचजण होते. चारशे म्हणजे एक डबा आणि वर थोडं. एवढं प्रत्येकीचं जातं. एवढ्याने कुणी मरतं का?"

दोघातिघांनी नकारार्थी माना हलवल्या.

"मग ती मेली कशाने?" त्याने बायकांकडे पाहिलं नाही. "पोटावर हात कुणाचा होता?"

आमच्याकडे हे असंच विचारतात. नाव घेत नाहीत. अंधारात उडून येऊन माणसाचं आतलं खाणाऱ्या बायका असतात, हे मला माझ्या आईने सांगितलं, तिला तिच्या आईने. मी शिकले तरी रात्री फांदी मोडल्याचा आवाज आला की अंगावर काटा येतोच. पण त्या दिवशी मी उठून उभी राहिले.

"मामा, आकडा चुकीचा होता," मी म्हटलं. "चारशे नव्हतं. दीड हजार होतं. मी कापडं नुसती बघितली, तोलली नाहीत. नंतर तोलली. घराखालची वाळू बघा जाऊन, अजून काळी आहे. तिचं रक्त गेलं म्हणून ती मेली. मी खरा आकडा सांगितला असता तर बोट इकडे आली असती. चूक माझी आहे. बुबूची नाही. उलट बुबूनेच मला सांगितलं होतं की रक्त बरंच गेलंय. मी ऐकलं नाही."

शेवटची दोन वाक्यं मी बोलायला नको होती. पण तेव्हा मला वाटलं, त्यांनीच ती सुटेल.

मनोआ खाली बसून वाळूत काडीने रेघा ओढत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "बोट किती वेळात आली असती?"

"दीड तासात."

"म्हणजे अकराच्या आत."

"हो."

"आणि ती दुसरी बाई?"

"माहीत नाही, मनोआ. कदाचित ती गेली असती."

त्याने आणखी एक रेघ ओढली, काडी मोडली, आणि उठून समुद्राकडे निघून गेला. मला वाटलं होतं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तोबियास माझ्याजवळ आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लोइस, तू आमची पोर आहेस. अकरा वर्षं तुझे डोळे चुकले नाहीत. माझ्या बायकोचं तूच केलंस, माझ्या सुनेचं तूच. दीड हजार समोर असताना तुला चारशे दिसलं. असं कसं दिसलं?"

"मी नीट बघितलं नाही."

"तू बघितलंस. तुला दिसू दिलं नाही." त्याचा आवाज खरोखर मायेचा होता. "तुझ्या डोळ्यांवर कुणीतरी हात ठेवला. आणि तिला मात्र आधीच ठाऊक होतं, किती गेलंय ते. तूच सांगितलंस आत्ता. जे तुला दिसलं नाही ते तिला कसं ठाऊक?"

"ती पन्नास वर्षं हे काम करते, मामा. तिला फटींतून खाली गळतं ते ठाऊक आहे."

"तू तिच्या हातात जन्मलीस. तू तिला वाचवायला बघणारच. त्याचा कुणाला राग नाही."

मी आणखी बोलले. पळत ठाण्यात जाऊन काटा आणला, कापडं आणली. कापडं आता वाळून कडक झाली होती आणि काट्यावर त्यांचं वजन जेमतेम हजार भरलं. लोकांनी ते पाहिलं. एक म्हातारा म्हणाला, "बघ, अजून कमीच होतंय," आणि त्यात थट्टा नव्हती. पाणी उडून जातं, हे मी समजावत राहिले. लोक माझ्याकडे तापात बडबडणाऱ्या माणसाकडे बघावं तसे बघत होते, कीव करून.

बुबू उठली आणि कुणाकडे न बघता घरी गेली. तिला कुणी अडवलं नाही, कुणी हात लावला नाही. पण त्या दिवसापासून तिच्या हातची सुपारी कुणी घेईना. ती ओढ्यावर गेली की बायका घागरी अर्ध्या भरून निघत. तिच्या बागेतल्या अळूच्या कांद्यांना कुणी शिवेना, चोरसुद्धा. मी रोज तिच्याकडे जाऊन जेवायचे, सगळ्यांना दिसावं म्हणून ओट्यावर बसून. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "तू जेवतेस म्हणून काही होत नाही गं. ते म्हणतात, तुला मी मंत्राने बांधलंय."

त्यानंतर चार दिवसांनी सिबोनाहून तिचा भाचा होडी घेऊन आला आणि ती गेली. एक चटई, एक भांडं, मुलाचा फोटो. किनाऱ्यावर मी एकटीच होते.

मी वर कळवलं. सगळं लिहिलं, कापडांचं वजन, वाळू, बोट. महिन्याने उत्तर आलं, की यापुढे प्रत्येक बाळंतपणात रक्त मोजण्याची काळजी घ्यावी. बदली मागितली, तर माझ्या जागी द्यायला माणूस नाही म्हणाले. डॉक्टर एकदा वायरलेसवर, नेहमीची वेळ संपल्यावर, मला म्हणाले, "सिस्टर, नजरेने सगळ्यांचंच निम्म्याने चुकतं. माझंही." ते चांगल्या मनाने म्हणाले. मला त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

सात महिन्यांनी लस टोचायला मी सिबोनाला गेले. बुबू भाच्याच्या खोबरं वाळवायच्या खोपटात राहत होती. घरात नाही, खोपटात. ती फार वाळली होती. मला बघून तिने चटई झटकली.

"पोर कशी आहे?"

"बसते आता. दोन दात आलेत. केझायाच्या बहिणीकडे आहे."

"आणि मनोआ?"

"मासेमारीच्या जहाजावर गेला. तीन महिने झाले."

ती सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, "लोइस, एक विचारू? झोपेत माणूस काय करतो, ते त्याला कळतं का?"

"बुबू, असं बोलू नकोस."

"नाही, मी खरंच विचारते. तू शिकलेली आहेस. पहिल्यांदा मला वाटायचं, हे मूर्ख आहेत. पण मी इथे एकटी पडून असते, विचार करते. माझा नवरा गेला. मग पोरगा बुडाला, त्याची होडी लोटून देताना पाठीवर हात ठेवला होता मी. मग ती. तिघांच्याही अंगावर शेवटचा हात माझा होता. एवढे सगळे म्हणतात तर…"

"दीड लिटर रक्त गेलं, बुबू. मी चारशे म्हटलं. एवढंच झालं. तू काही केलं नाहीस. तूच बरोबर होतीस."

"हो. तू त्या दिवशीही सांगितलंस." तिने माझा हात थोपटला, लहान मुलाला झोपवताना थोपटतात तसा. मी तिला पटवू शकले नाही. एवढ्या मोठ्या गावात बरोबर अंदाज एकट्या तिचा होता, आणि आता तिचा स्वतःवरच विश्वास उरला नव्हता.

निघताना ती म्हणाली, "आता येत जाऊ नकोस. तू आलीस की इथल्या लोकांना आठवतं."

मी होडीत बसले. भाच्याच्या बायकोने आपल्या तान्ह्याला लस टोचून घेतली नव्हती, पोराला घेऊन ती बागेत जाऊन बसली होती. यादीत मी त्याच्या नावापुढे रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता, गरोदर बायकांना तपासायचा. वहीत पाचजणींची नावं होती. मी काटा पुसून ठेवला, कोरड्या कापडांचे गठ्ठे तोलून प्रत्येकावर वजन लिहून ठेवलं आणि दुपारी दोनपर्यंत बसले. कुणी उघड बोललं नव्हतं, पण जिच्या डोळ्यांवर एकदा हात ठेवला गेला तिच्या डोळ्यांवर पुन्हाही ठेवता येतो, एवढं गावाला कळत होतं. पाचांपैकी एक आली. तीही खोकल्याचं औषध घेऊन, पोटाला हात लावू न देता, गेली.